डिकीत टिकेल तोच डबा

फिरतीची नोकरी करणाऱ्याचा डबा घरोघरी ऑफिसच्या डब्यासारखाच भरला जातो. चार पोळ्या, रसभाजी, वर दह्याची वाटी. पण ऑफिसातला डबा दिवसभर सावलीत, पंख्याखाली असतो. औषध कंपनीच्या एमआरचा, विमा सर्व्हेअरचा, खत-बियाणांच्या सेल्समनचा किंवा लिफ्ट दुरुस्तीला जाणाऱ्या मेकॅनिकचा डबा एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत उकडत असतो. त्यामुळे पौष्टिक काय, हा प्रश्न दुसरा. हे ठेवणार कुठे आणि खाणार किती वाजता, हा पहिला.

स्कूटरची डिकी म्हणजे सीटखालची पेटी आणि तिच्या खालीच इंजिन. वरून काळं सीट उन्हात तापतं, खालून इंजिनाची धग येते. दुपारी दोनला सीट उचलली की तोंडावर भपकारा येतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचं झाकण सीटखालीच असतं. तो वास पोळीला लागतो आणि मग धुऊनही जात नाही. डिकीत फुटाणे, खजूर, रेनकोट, कागदपत्रं ठेवा. केळी, अंडी, दही आणि चॉकलेट लावलेले बार तिथे ठेवायचे नाहीत. केळं दोन तासांत काळं पडतं. जेवणाचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा पुढच्या हुकला अडकवलेल्या कापडी पिशवीत बरा राहतो. चालत्या गाडीवर तिथे निदान वारा तरी लागतो.

कारचं वेगळं. एसी चालू आहे तोवर सगळं ठीक, पण डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तासभर बंद उभी राहिलेली गाडी म्हणजे भट्टीच. काचेखालचा डॅशबोर्ड उन्हात ६०-७० अंशांपर्यंत जातो. मागच्या काचेखालची फळी तशीच. डबा ड्रायव्हरमागच्या सीटच्या पायाशी, वर जाड टॉवेल टाकून ठेवावा. ड्रायव्हरच्या स्वतःच्या पायाशी मात्र बाटली कधीही ठेवू नये. ब्रेक मारल्यावर ती घरंगळत पुढे येते आणि पॅडलखाली अडकते. मग पुढच्या वेळी ब्रेक लागत नाही. बाटलीची जागा दारातल्या खोबणीत.

आता वेळेचा हिशेब. शिजवलेलं ओलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. साधारण तापमानाला दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, एवढीच सुरक्षित मुदत धरतात. आपल्याकडे मार्च ते जून बहुतेक ठिकाणी हा एक तासवाला हिशेब लागू होतो. म्हणून दिवसाचा क्रम ठरलेला असावा: ओलं आधी, कोरडं नंतर. पोहे, उपमा, इडली, उकडलेलं अंडं हे सगळं घरून निघताना किंवा पहिल्या थांब्यावर संपवायचं. दुपारी जे पोटात जाईल ते कमी पाण्याचं आणि नीट भाजलेलं असावं. चार-पाच वाजता निव्वळ कोरडं.

भाताबद्दल लोक बेफिकीर असतात. 'भाताला काय होतंय' असं म्हणतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष सोडतात. ते विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. दुपारी दोनला मसालेभात आणि चारला उलट्या, याचं कारण बहुधा मसाला नसतो.

गरम राहणारा डबा वापरायचा असेल तर त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ओतून टाका आणि वाफाळती भाजी काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा लवकर गार होतो, कारण आत साठलेली उष्णताच निम्मी असते. आणि एकदा उघडला की खाऊन संपवायचा. दोन घास घेऊन झाकण लावून ठेवलं, की दुपारपर्यंत तो नेमका जिवाणूंना आवडेल एवढा कोमट राहतो.

दुपारच्या जेवणाला दशमीसारखं दुसरं काही नाही. जुन्या काळी प्रवासाला निघताना दशम्या आणि चटणी बांधून देत, त्यामागे अनुभव होता. ज्वारीची दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, लाटलेली पातळ भाकरी. दोन वाट्या पीठ, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल आणि वाटी-सव्वा वाटी कोमट दूध. दूध एकदम ओतू नका, पीठ किती पितं ते दर खेपेला वेगळं असतं. पीठ आठ-दहा दिवसांच्या आतलं हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, लाटताना कडा फाटतात. तसं झालं तर मूठभर कणीक मिसळावी, उगाच दूध वाढवू नये. दूध वाढलं की दशमी चिकट होते आणि आतून ओली राहते. लाटी भाकरीहून पातळ ठेवा. आच मध्यम, कारण दुधामुळे डाग लवकर पडतात. बाहेरून लाल दिसली म्हणजे आतून भाजली असं नाही. दोन्ही बाजूंनी तूप किंवा तेलाचं बोट फिरवून, कडा दाबून भाजायची.

खरी चूक यानंतर होते. तव्यावरची दशमी सरळ डब्यात, त्यावर दुसरी, वर झाकण. आतली वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि वरची दशमी ओली होते. दुपारी डबा उघडला की चिकट, आंबूस वास. दशम्या सुटसुटीत, एकमेकींवर न ठेवता जाळीवर किंवा फडक्यावर वीसेक मिनिटं गार होऊ द्याव्यात. हाताच्या पाठीला गार लागल्या की सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. फडकं उरलीसुरली वाफ पितं. ॲल्युमिनियमच्या फॉइलला ते जमत नाही, ती वाफ आत कोंडते. अशी दशमी उन्हाळ्यात त्याच दिवशी खावी, थंडीत दुसऱ्या दिवशीही चांगली लागते.

गोड हवं असेल तर गुळाची करा. पाऊण वाटी किसलेला गूळ अर्धी वाटी कोमट दुधात पूर्ण विरघळवायचा, गाळायचा, दोन वाट्या कणकेत दोन चमचे तुपाचं मोहन आणि किंचित मीठ घालून घट्ट भिजवायचं. गुळाचे खडे राहिले तर तव्यावर तिथेच जळून काळे ठिपके पडतात. आच अगदी मंद. ही दोन दिवस सहज जाते.

थालीपीठ आणि धपाटे चालतात, पण कांद्याशिवाय. कच्चा कांदा किंवा काकडी पाणी सोडते आणि दुपारपर्यंत वास मारतो. लसूण, तीळ, ओवा, वाळवलेली मेथी घाला. पुऱ्यांबद्दल एवढंच की टिकतात छान, पण चार पुऱ्या खाऊन दुपारी अडीचला हायवेवर गाडी चालवणं म्हणजे झोपेला आमंत्रण.

बरोबर चटणी कोरडी हवी. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, लसूण-खोबऱ्याची. खोबरं सुकंच, ओला नारळ तीन-चार तासांत आंबतो. सोलापूरची शेंगदाणा चटणी कुटून तेल सुटलेली असते, त्यामुळे दशमीला वेगळं तेल लागत नाही. फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डबीत दोन चमचे चटणी पुरते. ठेचा न्यायचा तर मिरची-लसूण तेलात चांगलं परतून, पाण्याचा थेंब न लावता केलेला. लिंबू पिळायचं ते खाताना.

मधल्या वेळच्या तोंडात टाकायच्या गोष्टींत फुटाणे-शेंगदाणे पहिले. आठवड्याचं प्रमाण: २५० ग्रॅम सालासकट फुटाणे, १२५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. सहा पुड्या करा, प्रत्येकी साठेक ग्रॅमच्या. एका पुडीत १२-१३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, ती बिस्किटांच्या अख्ख्या छोट्या पुड्यातही नसतात. पुड्याच करायच्या. मोठी बरणी गाडीत ठेवली की ट्रॅफिकमध्ये हात तिथेच जातो आणि संध्याकाळी बरणी रिकामी. शेंगदाणे दर आठवड्याला ताजे भाजावेत. डिकीच्या उष्णतेत त्यांचं तेल लवकर खवट होतं. खवट दाणा जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतो, तसा लागला की पुडी टाकून द्या.

यात बेदाणे किंवा खजूर मिसळायचा मोह होतो. मिसळू नका. बेदाण्यातला ओलावा फुटाण्यात जातो आणि दोन दिवसांत फुटाणे सादळतात, बेदाणे मात्र कडक होतात. वेगळ्या डबीत ठेवा. बिया काढलेले चार-पाच खजूर किंवा मूठभर तासगावचे बेदाणे चार वाजताच्या मरगळीला पुरे. गाडी चालवताना दाणे तोंडात टाकू नयेत. खड्ड्यात गाडी आदळली की दाणा श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. दोन मिनिटं कडेला थांबा.

चिक्की निवडताना पाक बघा. कडक पाकाची चिक्की मोडताना कट्ट आवाज येतो, मऊ पाकाची वाकते. वाकणारी डिकीत वितळते आणि कागदासकट एकजीव होते. राजगिऱ्याची वडी हलकी असते, पण पिशवीत तिचा भुगा होतो, ती कडक डबीतच न्यावी.

पावसाळ्यात सगळं गणित उलटं. उन्हाळ्यात आंबण्याची भीती, पावसात सादळण्याची. भडंग, चिवडा, शेव, कुरमुऱ्याचं काहीही कोकणात किंवा घाटात उघडलं की पंधरा मिनिटांत मऊ. जयसिंगपूरचं भडंग एकदा फोडलं की संपवायचं. संपत नसेल तर छोट्या पुड्या घ्या. या दिवसांत भाजलेला पापड, चकली असले प्रकार घरीच ठेवलेले बरे.

रस्त्यावर विकत घ्यायची वेळ येतेच. नियम साधा: डोळ्यांसमोर कढईतून निघालेलं किंवा सालीतलं. गरम वडा घ्या, सुकी लसणाची चटणी लावून घ्या, हिरवी ओली चटणी नको. ती सकाळपासून उघड्या पातेल्यात असते आणि तिच्यातलं पाणी कुठलं ते कुणालाच माहीत नसतं. केळी, संत्री, मोसंबी, शहाळं यांना शंका नाही. कापून ठेवलेलं कलिंगड, पपई नाही. उसाचा रस प्यायचा तर बर्फ न घालता, समोर काढलेला. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे, पण गाड्यावर चुरा करून टाकलेल्या बर्फाचा रंग कोण बघतं?

समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनी तर घरूनच भरून निघावं. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी बंद रस्ता. वाटेल तिथे टपरीवर थांबता येत नाही, इंटरचेंजवर उतरलं तरच गाव लागतं. एकसुरी सरळ रस्त्यावर झोप येते ती वेगळीच. दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर उतरून, पाय मोकळे करून, मगच खा.

आता प्यायचं. उन्हात दुचाकीवर फिरणाऱ्याने तहान लागायची वाट बघू नये. वारं लागत असल्याने घाम अंगावरच सुकतो आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासाला एक पेला, म्हणजे २०० मिली, ही बरी सवय. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं. एकदम लिटरभर ढोसून उपयोग नाही.

व्हॅक्यूमवाली स्टीलची बाटली नसेल तर जुनी युक्ती आहेच. विदर्भ-मराठवाड्यात जीपला, ट्रकला बाहेरून जाड कापडाची छागल टांगलेली असायची. कापडातून झिरपणारं पाणी वाऱ्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आजही साध्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवून ओला करा आणि वारं लागेल अशी टांगा, पाणी चांगलं गार होतं. अकोला-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत हे जमतं. रत्नागिरीत जमत नाही, कारण तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही.

तांब्याच्या बाटलीत पाण्याखेरीज काही भरू नका. ताक, लिंबू सरबत, कोकम ही सगळी आंबट असतात. आंबटाने तांबं विरघळून पेयात उतरतं, मग मळमळ आणि पोटदुखी.

ताकाला एका वाटी दह्याला चार वाट्या पाणी, मीठ, जिरेपूड, चिमूटभर हिंग. गार ठेवायला बर्फ टाकला तर ते दुपारी पांचट होतं. त्याऐवजी आदल्या रात्री थोडं ताकच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि त्या वड्या बाटलीत टाका. थर्मास असला तरी ताक बारा-एकच्या आत संपवायचं. उष्णतेत ते आंबत राहतं, आत वायू धरतो आणि झाकण उघडताना फस्सकन अंगावर येतं. बाटली काठोकाठ भरू नये ती त्यासाठीच.

याहून सोयीचं म्हणजे अर्क बरोबर ठेवायचा आणि पाणी वाटेत मिसळायचं. कोकमाचं आगळ त्यासाठी उत्तम. त्यात मीठ आणि आंबटपणा इतका असतो की १०० मिलीची बाटली डिकीतही बिघडत नाही. पेलाभर पाण्यात दोन छोटे चमचे, थोडी साखर, जिरेपूड. आगळ खारट असतं आणि अमृत कोकम साखरेच्या पाकातलं, दुकानात मागताना नीट सांगा. मधुमेह असेल तर अमृत कोकम नको, रक्तदाब असेल तर आगळ बेतानं. आख्खं लिंबू आणि मीठ-साखरेची डबी हाही असाच प्रकार. लिंबू मात्र कापून नेऊ नका, सरबत कडवट होतं.

सातूच्या पिठाकडे लोक विसरल्यासारखे वागतात. भाजलेले गहू, डाळं, जिरं, सुंठ यांचं पीठ, शिजवायचं काही नाही. चाळीस ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे पीठ आणि गुळाची पूड कोरडीच डबीत न्या. बाटलीत आधी पाणी, मग पीठ, मग हलवणं. आधी पीठ घातलं तर तळाला गोळा बसतो आणि तो काडीनेही निघत नाही. जेवायला वेळ मिळणार नाही अशा दिवशी एवढ्यावर दोन-तीन तास निघतात. बाटली लगेच विसळायची, नाहीतर संध्याकाळी शिळ्या खळीचा वास.

ओआरएस हे रोजचं सरबत नव्हे. खूप घाम गेला किंवा जुलाब झाले तरच. आख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात (मोठं पाकीट एक लिटरमध्ये), अंदाजाने अर्धं पेल्यात नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला असतो तोच घ्या. गोड फळांच्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, कारण त्यात साखर भरमसाट आणि क्षार अपुरे होते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट हा शब्द महत्त्वाचा, शिगोशिग भरलेल्या चमच्याने मीठ दुप्पट होतं.

चहाचं काय करायचं? प्रत्येक क्लायंटकडे एक, प्रत्येक स्टॉपला एक कटिंग. दहा कटिंगांत दीड-दीड चमचा साखर धरली तरी साठ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून पन्नासच्या आत राहा म्हणते, त्याहून कमी तर उत्तमच. पहिले दोन साखरेचे आणि बाकीचे बिनसाखरेचे, एवढं जमलं तरी खूप. झोप घालवायला चहा प्यायचा तर तो परिणाम दाखवायला वीस-तीस मिनिटं घेतो. चहा पिऊन लगेच गाडी मारू नका, सीट मागे टाकून पंधरा मिनिटं डोळे मिटा आणि मग निघा. थर्मासमध्ये दुधाचा चहा तीन तासांनी लालसर, उकळल्या चवीचा होतो. गरम पाणी न्या आणि त्यात टी-बॅग बुडवा. कोल्ड्रिंकच्या २५० मिलीत सहा-सात चमचे साखर असते.

फिरतीवरच्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. याला डबा भरणारा कुणी उत्तर देऊ शकत नाही, पण मूत्रमार्गाचा संसर्ग मात्र यातून होऊ शकतो. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, हवा आणि स्वच्छतागृह विनामूल्य असावं हा तेल कंपन्यांचाच नियम आहे. ओळखीच्या चार-पाच पंपांची, मोठ्या हॉटेलांची यादी रूटप्रमाणे करून ठेवा आणि त्या थांब्यांच्या अर्धा तास आधी पाणी प्या.

इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात, डिकीत नव्हे, १५ ग्रॅम साखर हवी: तीन-चार छोटे चमचे, कागदात पुडी करून. हात थरथरले, घाम फुटला की गाडी आधी बाजूला, पुडी तोंडात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. खजूर किंवा चिक्की इथे उपयोगाची नाही, साखर चढायला वेळ लागतो.

घरी आल्यावर बाटलीच्या झाकणातली रबरी रिंग सुरीच्या टोकाने काढा. ताक आणि सातू तिच्याखालीच साचतात आणि बाटली कितीही घासली तरी वास तिथूनच येतो. रिंग गरम पाण्यात, बाटलीत एक चमचा खाण्याचा सोडा आणि कढत पाणी अर्धा तास. मग झाकण न लावता रात्रभर उपडी.